पस्तीस प्रश्न, वीस मिनिटे

बँकांच्या लिपिक भरतीची जाहिरात निघाली की धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा या भागांतील ओळखीचे व्यापारी बंधू आपल्या मुलामुलींना माझ्याकडे पाठवतात. मुलांची तक्रार जवळजवळ एकच असते : इंग्रजी निभावते, तर्कक्षमता निभावते, गणिताचा भाग मात्र अपुरा राहतो. वडिलांना याचे नवल वाटते. पिढ्यान्‌पिढ्या हिशेबावर चाललेले घर, आणि त्याच घरातले पोर हिशेबात कच्चे कसे? मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. त्याचे उत्तर सापडले, तर तयारीची अर्धी वाट आपोआप दिसते.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. बँकांसाठी उमेदवार निवडण्याचे काम १९७५ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेच्या एका विभागाने सुरू केले. १९८४ मध्ये त्यातूनच ‘आयबीपीएस’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि २०११ पासून ती सरकारी बँकांसाठी सामायिक परीक्षा घेऊ लागली. लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न असतात. त्यांपैकी इंग्रजीचे ३०, संख्यात्मक क्षमतेचे ३५ व तर्कक्षमतेचे ३५. प्रत्येक भागाला २० मिनिटे मिळतात. एका भागात वाचलेला वेळ दुसऱ्या भागात वापरता येत नाही. गणकयंत्राला परवानगी नाही. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो. म्हणजे गणिताच्या ३५ प्रश्नांसाठी १२०० सेकंद. एका प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम ३४ सेकंद येतात.

या ३४ सेकंदांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. आजोबांचा हिशेब तोंडी होता, नातवाचा हिशेब यंत्रात आहे. बिलाच्या सॉफ्टवेअरने दुकानाची सोय केली, यात शंका नाही. पण गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाच्या डोक्यातून आकड्यांची ये-जा त्यामुळे थांबली. नफातोटा, व्याज, भागीदारी, मिश्रण हे विषय त्याला अनोळखी नाहीत. त्यांची तोंडी सवय तेवढी तुटली आहे. तुटलेली सवय पुन्हा जोडणे हे नवे शास्त्र शिकण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

टक्केवारीपासूनच सुरुवात करू. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ केलेली असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. परीक्षेला मात्र ते आजही उपयोगी पडतात. रुपयाचे सोळा आणे, म्हणून एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के. दोन आणे साडेबारा, सहा आणे साडेसदतीस, दहा आणे साडेबासष्ट, चौदा आणे साडेसत्याऐंशी टक्के. ‘८४८ चे साडेबासष्ट टक्के किती?’ असा प्रश्न आला की मुले ६२.५ ने गुणून १०० ने भागायला बसतात. दहा आणे म्हणून पाहा : ८४८ चा सोळावा भाग ५३, त्याचे दहा पट ५३०. दहा सेकंदांचे काम. घरात आजी-आजोबा असतील तर मुलांनी रोज पंधरा मिनिटे त्यांच्यासमोर बसून हे अपूर्णांकांचे पाढे म्हणावेत. इतका स्वस्त शिकवणीवर्ग दुसरा मिळणार नाही.

आपल्या भागाचा म्हणून आणखी एक धडा आहे. जिल्हा निजामाच्या राज्यात असताना येथे हाली रुपया चालत असे, तर शेजारच्या बार्शीत इंग्रजी अंमल असल्याने कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा साधारण भाव असे. बार्शीच्या बाजाराशी व्यवहार करणाऱ्याला हे रूपांतर तोंडीच करावे लागे. हालीचे कलदार करताना सातवा हिस्सा वजा करायचा : ४२० हालीचे ३६० कलदार. उलट येताना सहावा हिस्सा मिळवायचा : ३६० कलदारांचे पुन्हा ४२० हाली. कमी करताना सातवा आणि वाढवताना सहावा, हे ज्याला उमजले त्याला परीक्षेतला एक हमखास प्रश्न उमजला. ‘साखरेचा भाव २० टक्क्यांनी वाढला, खर्च तेवढाच ठेवायचा तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा?’ २० टक्के म्हणजे पाचवा हिस्सा. पाचवा वाढला तर सहावा कमी करावा लागेल, म्हणून उत्तर १६⅔ टक्के. सूत्र पाठ करण्याची गरज नाही.

मात्र दुकानाची एक सवय परीक्षेत घात करते, आणि आपल्या मुलांनी ती विशेष जपून हाताळावी. ८० रुपयांना आणलेली वस्तू १०० रुपयांना विकली तर बाजारात ‘२० टक्के मार्जिन’ म्हणतात, कारण तेथे विक्रीच्या किमतीवर मोजण्याची पद्धत आहे. परीक्षेत वेगळे काही सांगितले नसेल तर नफा नेहमी खरेदीवर मोजायचा. म्हणून येथे उत्तर २५ टक्के. पर्यायांत २० आणि २५ दोन्ही दिलेले असतात. दुकानदाराचा मुलगा आत्मविश्वासाने २० वर खूण करतो आणि पाव गुण गमावतो. सुटीचेही तसेच आहे. छापील किंमत २० टक्क्यांनी वाढवून २० टक्के सूट दिली तर हिशेब बरोबरीत सुटत नाही; १०० चे १२० होतात आणि १२० चे ९६. चार टक्के तोटा होतो.

याच प्रकरणात किलोऐवजी ९०० ग्रॅम तोलून देणारा दुकानदार हटकून भेटतो. मालाची किंमत खरेदीइतकीच घेतो, तरी ९०० ग्रॅमवर १०० ग्रॅम सुटतात, म्हणून नफा ११⅑ टक्के. वजनमापातील लबाडी हा आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. प्रश्न सोडवताना मुलाला हेही सांगावे, की उत्तर काढता आले पाहिजे आणि तागडी सरळ राहिली पाहिजे.

मिश्रणाचा प्रश्न म्हणजे धान्याच्या दुकानातील रोजची गोष्ट. १२० रुपये आणि १५० रुपये किलोची तूरडाळ मिसळून १३२ रुपयांची करायची असेल तर प्रमाण काय घ्यावे? महाग भावातून मधला भाव वजा केला की १८ उरतात, मधल्यातून स्वस्त वजा केला की १२. स्वस्त १८ आणि महाग १२, म्हणजे ३ : २. भागीदारीत भांडवलाला महिन्यांनी गुणावे. एकाचे ४०,००० रुपये १२ महिने आणि दुसऱ्याचे ६०,००० रुपये ८ महिने, तर दोघांचा गुणाकार ४,८०,००० येतो आणि नफा निम्मा-निम्मा वाटला जातो.

हे सारे प्रकार आजच्या परीक्षकांनी शोधलेले नाहीत. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुरगी जिल्ह्यातील मळखेड; आपल्या उमरग्याहून ते फार दूर नाही. या ग्रंथात अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, भागीदारीची वाटणी, सोन्याच्या कसाचे मिश्रण ही प्रकरणे आहेत. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. आपण ज्याला लसावि म्हणतो त्याला महावीराचार्यांनी ‘निरुद्ध’ असे नाव देऊन तो काढण्याची रीत सांगितली आहे. ती रीत आज काळ-काम-वेगाच्या प्रश्नात कामी येते. एक मजूर एखादे काम १२ दिवसांत करतो, दुसरा १८ दिवसांत. लसावि ३६, काम ३६ पोत्यांचे समजा. पहिला रोज ३ पोती उचलतो, दुसरा २. दोघे मिळून ५, म्हणून ३६ भागिले ५, म्हणजे ७⅕ दिवस. अपूर्णांकांच्या बेरजेत शिरावेच लागत नाही.

रीती कळल्या तरी मुले मागे पडतात, त्याचे कारण निवडीत आहे. पस्तीसच्या पस्तीस प्रश्न सोडवावेत अशी ही परीक्षाच नाही. बाजारात आलेला सगळा माल कोणी व्यापारी उचलत नाही. भाव पाहतो, प्रत पाहतो, परवडेल तेवढाच घेतो. येथेही तेच करायचे. समजा, एकाने ३० प्रश्न सोडवले, त्यांतील १८ बरोबर आले. बारा चुकांचे ३ गुण गेले आणि हाती १५ राहिले. दुसऱ्याने २२ च सोडवले, २० बरोबर आले. अर्धा गुण गेला आणि हाती १९॥ राहिले. कमी उलाढालीत जास्त नफा झाला.

अंदाजाने खूण करावी का, हेही मुले विचारतात. त्याचाही हिशेब मांडता येतो. पाच पर्यायांत डोळे झाकून खूण केली तर पाचांत एकदा १ गुण मिळणार आणि चारदा पाव-पाव गुण जाणार. शेवटी बाकी शून्य. वेळ मात्र खर्च झाला. विचार करून दोन पर्याय निश्चित बाद करता आले, तर उरलेल्या तिनांत तीनदा खूण करून १ गुण मिळतो आणि अर्धा जातो. हा सौदा फायद्याचा आहे. काहीही बाद करता येत नसेल तर पुढे जावे.

म्हणून वीस मिनिटांचे दोन फेरे करावेत. पहिल्या फेऱ्यात सरळरूप, संख्यामालिका आणि एका वाचनात उलगडणारी उदाहरणे घ्यावीत. ७, ८, १८, ५७ या मालिकेत पुढे काय, हे पंधरा सेकंदांत दिसले तर घ्यावे : एकाने गुणून एक मिळवा, दोनाने गुणून दोन, तिनाने गुणून तीन, म्हणून चाराने गुणून चार, २३२. नाही दिसले तर सोडावे. दुसऱ्या फेऱ्यात कोष्टक-आलेखांचा संच आणि मोठी उदाहरणे घ्यावीत. अडलेल्या एका प्रश्नाशी तीन मिनिटे झुंजणे म्हणजे एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना पाच गिऱ्हाइके परत पाठवणे होय.

तयारीला तीन महिने पुरेत, पण ते सलग हवेत. पहिल्या महिन्यात ३० पर्यंतचे पाढे व वर्ग, १५ पर्यंतचे घन आणि अपूर्णांक-टक्केवारीची जोडी. दुसऱ्या महिन्यात एकेक प्रकरण. तिसऱ्या महिन्यात रोज घड्याळ लावून एक सराव संच. त्याबरोबर एक वही ठेवावी. रोजच्या चुका रोजकीर्दीसारख्या त्याच दिवशी लिहाव्यात आणि आठवड्याच्या शेवटी खतावणी करावी. खाती चारच : रीत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, घाई केली. बहुतेकांच्या खतावणीत पहिल्या खात्यापेक्षा शेवटची दोन खाती फुगलेली निघतात. मग आणखी एक जाडजूड पुस्तक विकत घेण्याची गरज राहत नाही. मराठीतून परीक्षा द्यायची असेल तर अर्ज भरण्यापूर्वीच तो निर्णय करावा आणि सरावही मराठीतूनच करावा. परीक्षागृहात ‘चक्रवाढव्याज’ शब्दाचा अर्थ शोधायला वेळ नसतो.

आता दोन शब्द मोठ्यांसाठी. अलीकडच्या काही वर्षांत ही पूर्वपरीक्षा ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान झाली आहे. पर्युषण, सोयाबीनची आवक, दिवाळीची खरेदी हे सारे त्याच सुमारास येते, आणि दुकानात हात कमी पडतात तेव्हा अभ्यासाला बसलेलेच पोर आधी उठवले जाते. तीन महिने रोज ठरलेले दोन तास त्याला कोणीही उठवणार नाही, एवढा शब्द घराने द्यावा. उरलेल्या वेळात ते गल्ल्यावर बसले तरी चालेल. फक्त बिल यंत्रातून निघण्याआधी त्याने बेरीज तोंडी सांगावी.

दुसरी गोष्ट मुलींविषयी. लिपिक पदासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा २० ते २८ वर्षे आहे. मुलाला आपण या आठ वर्षांत तीन-चार प्रयत्न सहज देतो. मुलीचा पहिला प्रयत्न दोन-तीन गुणांनी हुकला की घरात स्थळांच्या याद्या निघतात. माझ्याकडे येणाऱ्यांत चुकांची खतावणी नेमाने ठेवणाऱ्या बहुतांशी मुलीच असतात. पहिल्या वर्षी कुठे तूट आली हे जिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, तिला दुसरे वर्ष नाकारणे म्हणजे ताळेबंद न पाहताच दुकान बंद करणे आहे.

नोकरी लागेल की नाही, हे जागांवर आणि स्पर्धेवरही अवलंबून असते. त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु तोंडी हिशेब, वेळेची किंमत आणि सोडून देण्याचा विवेक ही या तयारीची कमाई बुडत नाही. उद्या ते मूल बँकेच्या खिडकीपलीकडे बसो वा आपल्याच पेढीवर, दोन्हीकडे ती चालते. पुढची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी दुकान बंद करताना दिवसाची बेरीज मुलाला किंवा मुलीला तोंडी करायला सांगा आणि मग यंत्राशी ताडून पाहा.