मागच्या दाराने आलेली मुले

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अकरावी-बारावीचे वर्ग उभे राहतात. सकाळचे सत्र, क्लासची घाई आणि वरच्या मजल्यावरच्या ‘सीनिअर’ मुलांचा थोडासा धाक. १९७५ च्या सुमारास १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि हा शब्द आपल्याकडे कायमचा रुळला. अमेरिकेत मात्र हा शब्द निराळ्याच संस्थेचा आहे, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. वसतिगृहातील एका मित्राने मोबाइलवर ‘लास्ट चान्स यू’ नावाची, २०१६ साली सुरू झालेली माहितीपट-मालिका दाखविली आणि ऐन सत्रपरीक्षेच्या तोंडावर आम्ही दोघांनी चार रात्री त्यात घालविल्या. त्या पापाचे परिमार्जन म्हणून हा लेख!

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गेल्या वर्षी आपल्या कबड्डी संघात तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या दोन मुलांची निवड झाली, तेव्हा कँटीनमध्ये बरीच कुजबुज झाली. “दोन वर्षांचे पाहुणे आणायचे आणि येथे प्रथम वर्षापासून घाम गाळणाऱ्यांनी बाकावर बसायचे?” असा एकूण सूर होता. त्या दोन पाहुण्यांपैकी एक मी. तेव्हा पुढील मजकूर अगदी निःपक्षपाती आहे, असे कोणी समजू नये.

अमेरिकेतील ज्युनिअर कॉलेज म्हणजे शालेय शिक्षणानंतर दोन वर्षांचे महाविद्यालय. चार वर्षांच्या पदवीपैकी पहिली दोन वर्षे येथे करावीत आणि मग विद्यापीठात जावे, अशी ती कल्पना. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर पहिले सरकारी ज्युनिअर कॉलेज उघडले, ते आजही चालू आहे. आता त्यांना बहुधा ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. फी कमी, दार सर्वांना उघडे. अर्थातच ज्याचे दार सर्वांना उघडे त्याची प्रतिष्ठा कमी, हा नियम तेथेही लागू आहे.

तेथील फुटबॉल हा आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर चिलखत आणि दर चालीला धडकाधडकी. विद्यापीठांच्या सामन्यांना तेथे जी गर्दी होते ती आपल्या कल्पनेपलीकडची आहे. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. साहजिकच विद्यापीठांचे प्रशिक्षक गावोगावच्या शाळा पालथ्या घालून सतरा वर्षांची मुले हेरतात आणि त्यांना शिष्यवृत्ती देऊन नेतात. त्या एका वर्षात जो निवडला गेला तो तरला. जो राहिला त्याला ज्युनिअर कॉलेज. राहणाऱ्यांत कोणाचे गुण कमी पडलेले असतात, कोणाचे अंग उशिरा भरते, कोणी काही उपद्व्याप केलेला असतो, तर कोणाच्या गावाकडे कुणी फिरकलेलेच नसते. १९८३ साली मंजूर होऊन १९८६ पासून अमलात आलेल्या ‘प्रपोझिशन ४८’ या नियमाने शाळेतील गुण व प्रवेशपरीक्षा यांची किमान अट घातली, तेव्हा त्या अटीत अडलेल्या अनेकांना हाच रस्ता धरावा लागला.

या मुलांना दोन वर्षांनी विद्यापीठाने घ्यावे काय? तेथे हा जुना वाद आहे. विरोधकांचे म्हणणे साधे आहे. खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. त्यांतले दोन ज्युनिअर कॉलेजात संपले, मग उरले दोन. पहिला हंगाम नवी पद्धत शिकण्यात जातो. दुसऱ्यात तो थोडा रुळतो न रुळतो तोच निरोप समारंभ. शिवाय अशी मुले भराभर भरणारा प्रशिक्षक बहुधा स्वतःची नोकरी वाचविण्याच्या घाईत असतो. त्याला पुढच्या वर्षीचा विजय हवा असतो, पाच वर्षांनंतरचा संघ नव्हे. या आरोपात तथ्य आहे, ते मी नाकारीत नाही.

परंतु कॅन्सस स्टेट विद्यापीठाची हकीकत पाहावी. १९८९ साली बिल स्नायडर तेथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्या संघाने ओळीने सत्तावीस सामन्यांत एकही विजय पाहिला नव्हता. एका प्रख्यात क्रीडासाप्ताहिकाने त्या विद्यापीठाची देशभर टर उडविली होती. अशा ठिकाणी शाळेतील नामांकित मुलगा कशाला येईल? स्नायडरांनी ज्युनिअर कॉलेजांकडे मोर्चा वळविला. कॅन्सस राज्यात तशी कॉलेजे पुष्कळ आहेत: हचिन्सन, बटलर, कॉफीव्हिल, गार्डन सिटी. पहिल्या वर्षी संघाने एकच सामना जिंकला. १९९८ साली त्याच संघाने नियमित हंगामातील अकराच्या अकरा सामने जिंकले. त्या वर्षीचा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचणारा सूत्रधार, मायकेल बिशप हा टेक्सासमधील ब्लिन कॉलेजातून आलेला होता, आणि देशातील सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पारितोषिकात त्याचा दुसरा क्रमांक लागला. पुढे विभागीय अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एम संघाने जादा वेळेत त्यांना ३६-३३ असे हरविले आणि स्वप्न भंगले, ते असो. मुद्दा असा की स्नायडर घाईत नव्हते. मध्ये तीन वर्षांची निवृत्ती सोडली तर २०१८ पर्यंत ते तेथेच होते, आणि क्रीडांगणाला आज त्यांच्या कुटुंबाचे नाव आहे. नोकरी वाचविण्यासाठी पाहुणे आणणारा माणूस असा ठाण मांडून बसत नाही.

त्यांना काय दिसले असेल? माझा तर्क असा. आमच्याकडे आंब्याचा व्यापारी मोहोर पाहून बागेचा सौदा करतो. मग अवकाळी पाऊस येतो, तुडतुडा पडतो, आणि पेटीत काय उतरेल ते देवालाच माहीत. शाळेतील सतरा वर्षांचे पोर निवडणे म्हणजे हा मोहोराचा सौदा. ज्युनिअर कॉलेजातील मुलगा म्हणजे पेटीत उतरलेला आंबा. तो एकोणीस-वीस वर्षांच्या धटिंगणांशी दोन हंगाम झुंजलेला असतो. घरापासून दूर राहून तो वेळेवर उठतो की नाही, दुखापतीनंतर पुन्हा उभा राहतो की नाही, हे सारे दिसलेले असते. आंबे कमी मिळतील, पण जे आहे ते हातात घेऊन पाहता येते.

आणि कधीकधी काय हाती लागते! ॲरन रॉजर्स हे नाव आता तेथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. २००२ साली शाळेतून बाहेर पडताना एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो उत्तर कॅलिफोर्नियातील घराजवळच्या ब्यूट कॉलेजात गेला. कॅलिफोर्नियाच्या या कॉलेजांत खेळाडूला शिष्यवृत्तीही नसते. त्या हंगामात बर्कलीच्या विद्यापीठाचे प्रशिक्षक जेफ टेडफर्ड दुसऱ्याच एका खेळाडूला पाहण्यासाठी तेथे गेले आणि हा चेंडू फेकणारा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. रॉजर्सचे गुण चांगले असल्याने एका वर्षातच त्याला बर्कलीला जाता आले. पुढे व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तो चार वेळा निवडला गेला. टेडफर्ड त्या दिवशी गेलेच नसते तर? या प्रश्नाने मला त्या रात्री झोप आली नाही. (परीक्षेची भीती हेही एक कारण असेल.)

२०१० चा ऑबर्न विद्यापीठाचा संघ तर माझ्या मते या वादातील सर्वांत मोठा साक्षीदार आहे. त्या संघाने सर्व सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन आधी फ्लॉरिडा विद्यापीठात होता. तेथे एका लॅपटॉपच्या प्रकरणात त्याला अटक झाली, पुढे तो आरोप काढून टाकण्यात आला. त्याने ते विद्यापीठ सोडले, २००९ साली ब्लिन कॉलेजात खेळून राष्ट्रीय ज्युनिअर कॉलेज अजिंक्यपद जिंकून दिले, आणि पुढच्याच वर्षी ऑबर्नला येऊन हाइझमन पटकावले. बचावफळीतील निक फेअरलीला गुणांच्या अटीमुळे आधी मिसिसिपीतील कोपाया-लिंकन या कॉलेजात जावे लागले होते. दोघेही मागच्या दाराने आलेले. ते दार बंद असते तर ऑबर्नच्या कपाटात तो चषक आला असता काय?

तरी या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचा मोह मी टाळतो. ‘लास्ट चान्स यू’च्या पहिल्या दोन भागांत मिसिसिपीतील स्कूबा हे गाव आहे. हजाराच्या आतली वस्ती, आणि तेथील ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेज. चषकांनी भरलेले कॉलेज, पण खेळाडूंच्या खोल्यांत ओढूनताणून आणलेली उमेद. ब्रिटनी वॅग्नर नावाच्या अभ्यास-सल्लागार बाई मुलांच्या मागे लागून त्यांना तासाला बसवितात, वही-पेन्सिल आहे का ते विचारतात. कारण गुणांत अडलेल्या मुलाला तेथील पदविका पुरी केल्याखेरीज वर जाता येत नाही. त्या बाईंची तळमळ पाहून बरे वाटते आणि लगेच वाईटही वाटते. कारण त्यांच्या कार्यालयाबाहेर मुलाची किंमत त्याच्या धावण्याच्या वेगावर ठरत असते. दर रॉजर्समागे गावी परत जाणारी कितीतरी मुले आहेत. आपल्या प्राध्यापकवर्गाने ही मालिका अवश्य पाहावी. हजेरीपटाविषयी त्यांची मते बदलतील किंवा अधिक पक्की होतील.

म्हणून ज्युनिअर कॉलेजची मुले घेण्याचे मोल केवळ चषकांत मोजणे मला पटत नाही. सतराव्या वर्षी दिलेला निकाल विसाव्या वर्षी फिरविता येतो, हे त्याचे खरे मोल. बारावीला इंग्रजीत नापास होऊन एक वर्ष घरी काढलेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही.

पण हे दार आता अरुंद होत चालले आहे, आणि ते कोणी मुद्दाम लावलेले नाही. पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या फुटबॉलपटूला एक वर्ष खेळाविना बसावे लागे. ज्युनिअर कॉलेजातून पदविका घेऊन आलेला मात्र त्याच हंगामात मैदानात उतरे. न्यूटन ब्लिनला गेला त्यामागे हेही गणित होते. तयार खेळाडू ताबडतोब हवा तर प्रशिक्षकाला ज्युनिअर कॉलेजची पायरी चढावीच लागे. २०१८ च्या ऑक्टोबरात बदली इच्छिणाऱ्या खेळाडूंची संगणकीय यादी, ‘ट्रान्स्फर पोर्टल’, सुरू झाली. २०२१ साली पहिल्या बदलीसाठी बसण्याची अट गेली. २०२४ साली ती उरलीसुरलीही गेली. आता प्रशिक्षक म्हणतो, स्कूबापर्यंत गाडी कशाला हाकू? दुसऱ्या विद्यापीठाचा तयार गडी यादीत आहेच. मोहोराचाही सौदा नको आणि आडबाजूच्या बागेतली पेटीही नको. दुसऱ्याच्या दुकानातला आंबा बरा! याच सुमारास, २०१८ च्या हंगामानंतर, ॲरिझोनातील मॅरिकोपा जिल्ह्याच्या चार कम्युनिटी कॉलेजांनी खर्चाच्या कारणाने फुटबॉल बंद केला. तेथे खेळू शकली असती ती मुले आता कोठे जात असतील?

मला हे प्रशिक्षकांच्या दृष्टीनेही नुकसानीचे वाटते. दुसऱ्या विद्यापीठाच्या यादीतला खेळाडू कोणीतरी आधीच पारखलेला असतो. ज्याला कोणीच पारखले नाही तो मात्र अजून ब्यूटसारख्या ठिकाणीच सापडणार. न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे एक लष्करी शिस्तीची संस्था आहे. १९६१ साली तेथून रॉजर स्टॉबक नौदल अकादमीत गेला आणि १९६३ साली त्याने हाइझमन जिंकले. सहा दशकांनी त्याच संस्थेत डिएगो पाविया नावाचा बुटका क्वार्टरबॅक आला. २०२१ चे ज्युनिअर कॉलेज अजिंक्यपद जिंकून तो न्यू मेक्सिको स्टेटला गेला व तेथून व्हँडरबिल्टला. व्हँडरबिल्ट अभ्यासासाठी नावाजलेले आणि फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षे मार खाणारे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०-३५ असे हरविले. प्रेक्षकांनी गोलाचे खांब उपटून गावभर मिरवत नेले आणि नदीत टाकले!

याच पावियाने पुढे न्यायालयात दाद मागितली. ज्युनिअर कॉलेजातील माझे हंगाम मोजू नका, ते विद्यापीठाचे हंगाम नव्हेत, असे त्याचे म्हणणे. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीच्या संघीय न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने तात्पुरता आदेश दिला आणि राष्ट्रीय संघटनेने त्याच्यासारख्या इतरांनाही एका वर्षाची सवलत दिली. निकाल वाचून मला आनंद झाला. ‘उरले दोनच हंगाम’ हा विरोधकांचा मुख्य मुद्दाच त्याने लुळा पडतो. मग जरा विचार केला, आणि तो आनंद तेवढा राहिला नाही. ती वर्षे मोजू नका म्हणणे म्हणजे त्या वर्षांना काही किंमत नव्हती असे तर होत नाही ना? तालुक्याच्या मैदानावर दिवे नव्हते, मॅट नव्हती, तरी मला पकड तेथेच शिकविली गेली. आणि पाविया तेवीस वर्षांचा होऊनही एक हंगाम जास्त खेळला, म्हणजे शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोणा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची जागा एक वर्ष लांबली. त्या मुलाचे काय करावे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. बहुधा तो एखाद्या ज्युनिअर कॉलेजात जाईल.