पाटण्याचा गणितमठ

आज २२ डिसेंबर. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणून राष्ट्रीय गणित दिन. महाराष्ट्राने या निमित्ताने इ. स. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांकडेही वळून पाहावे. मात्र त्यांचे गणित समोर ठेवून. शून्याचा शोध त्यांच्या नावावर खपवणारी भाषणे पुष्कळ होतात. त्यांना उसन्या श्रेयाची गरजच नाही.

एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यावे. अशी शून्याहून मोठी, सर्वांत लहान पूर्ण संख्या कोणती? प्रश्न शाळकरी वाटतो आणि उत्तर निघते २२,६१,५३,९८० इतके. अंदाजाने चाचपडून ते सापडणार नाही. भास्कराचार्यांनी चक्रवाल, म्हणजे तीच कृती फिरून फिरून करण्याच्या, पद्धतीने ते काढले. ही पद्धत त्यांच्याआधी जयदेव या गणितज्ञांना ठाऊक होती, हेही सांगितले पाहिजे. फ्रेंच गणिती फर्माने हाच प्रश्न युरोपातल्या गणितींपुढे आव्हान म्हणून टाकला तो १६५७ मध्ये; हे उत्तर ज्यात आहे ते भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ ज्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा भाग आहे, तो ग्रंथ ११५० चा. ग्रहाची त्या क्षणाची गती कशी काढायची, याचाही विचार त्यात आहे. तेव्हा ग्रंथकर्ते होते अवघे ३६ वर्षांचे!

परंतु आम्हाला याहून मोलाचा वाटतो तो चाळीसगावजवळच्या पाटणे गावचा शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे मठ काढला आणि १२०७ मध्ये निकुंभ घराण्याच्या सत्ताधीशांनी त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटण्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला, घाण्यांवरचे तेलही मठाला, असा त्यातला तपशील. पुतळा नाही, उत्सव नाही. गणित शिकणाऱ्यांची कायमची तजवीज. बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसाचा पैसाही त्या विद्येला लागत होता.

आज राज्यात भास्कराचार्यांच्या नावाने कार्यक्रम होतात, ते व्हावेत. पण ज्या शाळांत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, ती भरण्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात आधी झाली पाहिजे. आणि सुरुवात चाळीसगाव तालुक्यापासून करावी.