बुलेट गळते म्हणून पॅकिंग बदलू नका, आधी इंजिनाला श्वास घेऊ द्या



जुन्या बुलेट घ्यायच्या, इंजिन उघडून मोठा पिस्टन टाकायचा, कार्ब्युरेटर बदलायचा, सायलेन्सर मोकळा करायचा आणि गिऱ्हाइकाला "बघा, आता कशी पळते" म्हणून चावी द्यायची. असं गॅरेज टाकायचं स्वप्न तुमच्यापैकी अनेकांचं आहे. स्वप्न चांगलं आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की या धंद्यात पॉवर विकणारे खूप आहेत, कोरडं इंजिन देणारे कमी. आणि टिकतो तो कोरडं इंजिन देणारा.

"बुलेट म्हणजे ऑइल गळणारच" हे वाक्य तुम्ही प्रत्येक मिस्त्रीकडून ऐकलं असेल. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. गळतीला कारण असतं आणि मॉडिफाय केलेल्या इंजिनात ते कारण बऱ्याचदा पॅकिंगमध्ये नसतंच. ते असतं क्रँककेसमधल्या दाबात.

आत नेमकं होतं काय?

जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चं इंजिन म्हणजे ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक, एकूण ३४६ सीसी. पिस्टन वर असताना त्याच्याखाली जी जागा असते, ती पिस्टन खाली आला की बरोबर ३४६ सीसीने कमी होते. म्हणजे तेवढी हवा कुठेतरी जायला हवी. पिस्टन पुन्हा वर गेला की तेवढीच जागा मोकळी होते आणि हवा परत आत ओढली जाते. ३,००० आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा घडतं. हिशोब करा, सेकंदाला १७ लिटरहून जास्त हवेची ये-जा!

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, त्यामुळे हवा आतल्या आत फिरते. आपल्या एकट्या पिस्टनला असा जोडीदार नाही. त्यात पिस्टन रिंगच्या कडेने थोडा जळालेला गॅस खाली उतरतो, तो वेगळा. हा सगळा दाब ब्रीदर पाइपमधून नीट बाहेर पडला नाही, तर तो दुसरी वाट शोधतो: टॅपेट कव्हर, सिलिंडरचा पाया, रॉकर कव्हर, ऑइल सील. आणि जाताना ऑइल घेऊन जातो.

बुलेट बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीच्या जुन्या मॉडेलमध्ये ब्रीदरच्या नळीला रबरी एकेरी व्हॉल्व्ह असायचा, बदकाच्या चोचीसारखा, म्हणून त्याला 'डकबिल' म्हणतात. पिस्टन खाली आला की चोच उघडते, हवा बाहेर जाते. पिस्टन वर गेला की चोच मिटते, बाहेरची हवा आत येत नाही. परिणामी आतला सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहतो आणि ऑइलला बाहेर ढकलायला कोणी उरत नाही. छोट्याशा रबराचं काम, पण किती महत्त्वाचं! आज अनेक जुन्या गाड्यांत हे रबर कडक झालेलं, फाटलेलं किंवा "कशाला लागतंय" म्हणून काढून टाकलेलं सापडेल.

मॉडिफिकेशनने बिघडतं कुठे?

सगळे समजतात की मोठा पिस्टन हेच कारण. आकडे बघा. ५०० च्या बुलेटला ८४ ऐवजी ८७ मिलिमीटरचा पिस्टन टाकला की ४९९ चे ५३५ सीसी होतात. वाढ फक्त सात टक्के. पण असं इंजिन घेतलेला माणूस ३,५०० आरपीएमवर थांबतो का? तो ५,००० पर्यंत ओढणार. तिथे वाढ ४३ टक्के. दोन्ही मिळून हवेची ये-जा दीडपट झाली. त्याच जुन्या नळीतून दीडपट हवा ढकलायला साधारण दुपटीहून जास्त दाब लागतो. आता सांगा, पॅकिंगचा काय दोष?

म्हणून माझा आग्रह आहे: पॉवरचं काम घ्याल तर ब्रीदरचं काम त्याच कोटेशनमध्ये धरा. "ऐच्छिक" म्हणून वेगळं लिहू नका. गिऱ्हाईक पैसे वाचवायला तेच खोडणार आणि गळती झाली की शिव्या तुम्हालाच पडणार.

फुकटच्या कामाचा हिशोब

समजा, गळती बंद करायला तुम्ही १,५०० रुपये घेतले आणि चार तास गेले. तासाला ३७५ रुपये पडले. महिन्याभरात गाडी दोनदा परत आली आणि दोन्ही वेळा तुम्ही चार-चार तास फुकट घातले. आता १,५०० रुपये भागिले बारा तास, म्हणजे तासाला १२५ रुपये. भाडं, वीज, पोऱ्याचा पगार यातूनच. शिवाय गिऱ्हाईक कट्ट्यावर बसून तुमच्याबद्दल काय सांगेल, ते वेगळंच.

त्याऐवजी आधी तपासणीचे पैसे घ्या. समजा ५०० रुपये. "बघायचे कसले पैसे?" असं विचारणारा भेटेल. त्याला सांगा, डॉक्टरही तपासायचे पैसे घेतो. मग मात्र तपासणी खरीच करा. क्रम असा ठेवा:

१. ऑइलची पातळी. जास्त भरलं असेल तर बाकी काही बघायच्या आधी तेच कमी करा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टाकीतलं ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये उतरलेलं असू शकतं. अशी गाडी चालू करताच ब्रीदरमधून ऑइल फेकते. तो ब्रीदरचा दोष नाही.

२. ब्रीदरची नळी आणि व्हॉल्व्ह. नळी दबली आहे का, आतून चिकट थराने भरली आहे का, व्हॉल्व्ह एकाच दिशेने हवा सोडतो का, तोंडाने फुंकूनही कळतं.

३. रिंग आणि बोअर. कॉम्प्रेशन तपासा. रिंग गेल्या असतील तर कितीही मोठा ब्रीदर लावा, तो आजार झाकेल, बरा करणार नाही. अशा वेळी रिबोअरचाच सल्ला द्या.

४. आणि शेवटी दाब मोजा. त्याला महागडं मीटर लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी 'यू'सारखी उभी बांधा, तळाशी थोडं पाणी भरा. एका जुन्या टॅपेट कव्हरला तोटी बसवून नळीचं एक टोक तिथे जोडा. नळीत बारीक भोकाचा अडथळा ठेवा, नाहीतर पाणी नाचत राहील. दोन्ही बाजू चांगल्या उंच ठेवा, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. इंजिन चालू केल्यावर दोन्ही बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक दिसला तर तो साधारण शंभरावा हिस्सा बार.

हा फरक कामाच्या आधी आणि नंतर मोजा, गिऱ्हाइकासमोर. पाणी आधी बाहेरच्या बाजूला चढत होतं, आता इंजिनाच्या बाजूला ओढलं जातंय, हे त्याला डोळ्यांनी दिसू द्या. यापेक्षा चांगली जाहिरात तुम्हाला कोणी करून देणार नाही.

ब्रीदर बसवताना

नळी मूळच्यापेक्षा मोठी घ्या आणि चढती ठेवा. मध्ये झोल पडला की तिथे ऑइल साचतं. पातळ पत्तीचा रीड व्हॉल्व्ह क्रँककेसच्या जितका जवळ बसेल तितका बरा. लांब नळीच्या टोकाला लावला तर मधली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि परत येते. कारचा पीसीव्ही व्हॉल्व्ह लावायची फॅशन आहे, पण तो सेकंदाला ५० वेळा उघडझाप करायला बनवलेला नाही. शोभेचा छोटा कोन फिल्टर थेट ब्रीदरवर लावला की तो ऑइलने चिंब होतो आणि पुन्हा वाट बंद.

पुढे ऑइल साठवायला कॅच कॅन द्या. त्याचं बाहेर जाणारं तोंड आत येणाऱ्या नळीपेक्षा लहान नको. त्यात जमलेलं पाणी-ऑइलचं मिश्रण इंजिनात परत ओतू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या रॉकर कव्हरखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसतो ना, तीच ही वाफ. ब्रीदर तीही बाहेर काढतो.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. नळीचं तोंड मागच्या टायरकडे सोडू नका. घाटाच्या वळणावर टायरला लागलेलं ऑइल म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. इथे "चलता है" चालणार नाही.

दोन सावधगिऱ्या

पहिली: हे सगळं फोर स्ट्रोकसाठी आहे. यामाहा आरएक्स १०० किंवा जुनी येझदी ही टू स्ट्रोक. तिथे क्रँककेस बंदच हवं, कारण त्यातल्या दाबावरच पेट्रोल-हवेचं मिश्रण वर जातं. त्याला भोक पाडलं तर गाडी चालणारच नाही.

दुसरी: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. आरसी बुकात सीसी लिहिलेले असतात आणि नोंदीत फरक पडेल असा बदल करता येत नाही. मोठ्या पिस्टनचं काम मागणाऱ्याला हे आधीच सांगा. त्यामुळे एखादं काम गेलं तर जाऊ दे. मूळ मापाचं इंजिन कोरडं करून देण्याचं काम पूर्ण कायदेशीर आहे आणि त्याला गिऱ्हाईक कमी नाही.

माझा सल्ला ऐकाल तर सुरुवात त्यापासूनच करा. बोर्डावर "बुलेट मॉडिफिकेशन" लिहिणारे शंभर सापडतील. तुम्ही लिहा, "बुलेटची ऑइल गळती: आधी तपासणी, मग काम". या आठवड्यात गवंड्याची नळी आणा, एक जुनं टॅपेट कव्हर शोधा आणि पहिली गाडी मोजा. आकडा किती आला, तो वहीत लिहून ठेवा. दहा गाड्यांचे आकडे जमले की गळतीबद्दल तुम्ही गिऱ्हाइकाशी अंदाजाने नाही, वही उघडून बोलाल.