वैतरणेवर एक रविवार

सफाळे सुटले की मुंबईकडे निघालेल्या गाडीच्या चाकांचा आवाज बदलतो. पत्त्यांचा डाव क्षणभर थबकतो. खिडकीशी बसलेल्या बाई पर्समधून नाणे काढतात, कुणी निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खाली भिरकावतो, दोन-चार हात नकळत छातीशी जातात. वैतरणा येते आणि जाते. बोईसर-पालघरहून रोज मुंबई गाठणारे आम्ही लोक वर्षानुवर्षे ही नदी अशीच पाहत आलो आहोत, वरून आणि घाईत.

मुंबईकर तर तिला पाहतही नाहीत, नुसती पितात. त्र्यंबकेश्वराजवळच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या नदीचे पाणी वाटेतच अडवले आहे. तिच्या उपनदीवरचा तानसा १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा आणि मध्य वैतरणा तर अगदी अलीकडचा, २०१४ चा. आमच्या वाट्याला येते ते भरती-ओहोटीचे खारे पाणी. पण काय रुंद पात्र आहे!

‘गंगा विलास’ ही आलिशान बोट १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रुगडला निघाली. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, मोजके परदेशी पाहुणे. तेव्हापासून आमच्या डब्यात एक टुमणे सुरू झाले, आपल्या दाराशी एवढी नदी असून आपण कोरडेच! अखेर गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही वीस जण, बायकामुलांसह, जलसारजवळून एका ओळखीच्या मच्छीमाराच्या बोटीत बसलो. त्याने आधीच बजावले होते, ‘साडेआठला या. भरतीबरोबर वर जाऊ, ओहोटीबरोबर खाली येऊ.’ आम्ही पोचलो दहाला. इडल्या व्हायच्या होत्या!

सुरुवातीचे दोन तास मात्र आयुष्यभर पुरतील. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, मध्येच चिखलावर एका पायावर उभा बगळा, मागे तांदुळवाडीचा डोंगर. रोज एकमेकांशी भांडून जागा पकडणारी माणसे इथे ‘तुम्ही सावलीत बसा’ म्हणत होती. मग आमचा पूल आला. त्याच्याखालून जाताना डोक्यावरून गाडी धडधडत गेली आणि वरून एक पिशवी आमच्यापासून दहा हातांवर पाण्यात पडली. मोठ्या हौसेने कॅमेरा काढलेल्या आमच्यातल्या एकाने तो मुकाट्याने खाली ठेवला. तोही रोज टाकतो.

खालून आणखी काही दिसते. दरडीसारखे कोसळलेले काठ दिसतात. डुबी मारून बादलीने वाळू काढणारा माणूस एकेकाळी नदीकडून पोटापुरते घेई. सक्शन पंप आले आणि पात्राचे तळ ओरबाडले गेले. रेल्वेच्या पुलांनाही या उपशाची भीती वाटावी अशी वेळ आली.

परतताना आम्ही रेंगाळलो. व्हायचे तेच झाले. साडेतीनच्या सुमारास बोट गाळात रुतली. ‘आता सहापर्यंत बसा,’ बोटवाला शांतपणे म्हणाला. मुले रडकुंडीला आली, पिण्याचे पाणी संपले. तेवढ्यात उरलेल्या चिंचोळ्या प्रवाहातून एक लहान होडी आली. तीत गॅसचे सिलिंडर, तांदळाचे पोते, दप्तर मांडीवर घेतलेली मुलगी आणि एक आजी. दोन पुलांच्या मधल्या वाढीव बेटावरची माणसे. त्यांनी आम्हाला पाण्याचा कॅन दिला. आजींनी विचारले, ‘पैसे देऊन आलात?’ आम्ही हो म्हटल्यावर त्या हसल्या. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण मला तोंड लपवावेसे वाटले.

कारण वाढीव-वैतीपाड्याची माणसे वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलाच्या कडेने जीव मुठीत धरून चालत आली आहेत. त्या वाटेवर गाडीच्या धक्क्याने माणसे गेली आहेत. आमची अडीच तासांची गंमत हा त्यांचा रोजचा हिशेब आहे.

मग नदीवर सहली नकोतच का? आमच्यातले दोघे तावातावाने तसे म्हणाले. मला ते पटत नाही. पाण्यावरून नदी पाहिलेला माणूस पिशवी टाकताना निदान एकदा तरी थांबेल. मात्र बोटी इथल्याच कोळ्यांच्या हव्यात आणि वेळापत्रक भरतीचे हवे, आमच्या इडल्यांचे नको. लाइफ जॅकेट खाली ढीग करून ठेवायला नसतात. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात कॉलेजची मुले घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. ती घरे आमच्यापासून दूर नाहीत.

आणि जेट्टी बांधायची तर आधी वाढीवला. ओहोटीतही बाळंतिणीला होडीत पाऊल टाकता येईल अशी. तिथे सहलीची बोटही लागेल, त्यात अडचण काय? विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो बोट एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा फेरा, पाण्यावरून जेमतेम दीड. म्हणजे मनात आले की नदीवर सोय करता येते. पण ती गाड्यांची आधी झाली.

सोमवारी सकाळी पूल आला तेव्हा आमचा कॅमेरावाला दारात उभा होता. हातात पिशवी होती. त्याने ती परत सॅकमध्ये कोंबली आणि मला विचारले, ‘पुढच्या वेळी भरती किती वाजता आहे?’ मी म्हटले, बोटवाल्याला विचारू. आणि इडल्या आदल्या रात्री.