दुखणे लपविण्याची किंमत

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या एका जुन्या मित्राच्या मातोश्रींचे निधन झाले. आमच्या पेठेत त्याचे कापडाचे दुकान आहे. बँकेच्या नोकरीसाठी मी या गावी एकटा आलो, तेव्हा कित्येक रविवारी मी त्या माउलीच्या हातचे जेवलो होतो. तरीही त्यांच्या उठावण्याला मी गेलो नाही. ‘बाहेरगावी आहे’ असा निरोप पाठविला आणि दुसऱ्याच दिवशी मित्राच्या धाकट्या भावाने मला औषधाच्या दुकानात पाहिले.

खरे कारण माझी कंबर हे होते. मणक्याच्या झिजेमुळे गेली सहा वर्षे मला जमिनीवर पंधरा मिनिटांहून अधिक बसवत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. तिची मोठी अडचण अशी, की ती इतरांना दिसत नाही. हाताला प्लास्टर असले तर लोक आपणहून जागा करून देतात. पाठीतली कळ कोणाला दिसणार? शिवाय ती रोज सारखी नसते. सोमवारी स्थानकात पायी जाणाऱ्या माणसाला गुरुवारी अंथरुणातून उठवत नाही. पाहणाऱ्यास वाटते, हा सोयीने आजारी पडतो. या शंकेच्या धास्तीने आपण सबबी सांगू लागतो : पाहुणे आले आहेत, दवाखान्यात जायचे आहे, गावी निघालो आहे. हळूहळू आमंत्रणे येईनाशी होतात आणि आपण म्हणतो, लोक बदलले.

त्या वर्षीच्या संवत्सरीला मी नेहमीप्रमाणे सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश पाठविला. मित्राचेही त्याच शब्दांत उत्तर आले. तरी मन स्वस्थ होईना. दोष न सांगता मागितलेली क्षमा म्हणजे कोणत्या खात्यात जमा करायचे ते न लिहिता भरलेले चलन. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितले, “मी गावातच होतो. मला खाली बसवत नाही आणि आईंच्या उठावण्यात खुर्ची मागायची लाज वाटली.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अरे, आईला तरी शेवटची चार वर्षं कुठे खाली बसता येत होतं? तिची खुर्ची तिथेच होती, गादीशेजारी. रिकामी.”

दुखणे न सांगण्याला मी मनात संयम म्हणत होतो. तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत वेदनेचे सतत चिंतन हा एक आहे, हे मला ठाऊक होते. परंतु दुखण्याचा ध्यास आणि दुखण्याची माहिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. भेटणाऱ्या प्रत्येकाला एक्स-रेपासून गोळ्यांपर्यंतची कहाणी ऐकविणे हा ध्यास. “येतो, पण खुर्ची लागेल आणि अर्ध्या तासाने उठेन” ही माहिती. पहिल्याने समोरचा थकतो. दुसऱ्याने त्याला आपण काय करावे ते कळते. आणि खोट्या सबबीत संयम कसला? तो सत्य अणुव्रताला लागलेला दोषच.

वेदना असणाऱ्याने आपली शक्तीही हिशेबाने खर्चावी. लग्नघरच्या चार कार्यक्रमांपैकी एकच निवडावा, आदल्या दिवशी विश्रांती घ्यावी आणि यजमानांना ते आधी कळवावे. बरे वाटते म्हणून एकाच दिवशी सारी राहिलेली कामे उरकली, की पुढचे दोन दिवस घरच्यांवर चिडण्यात जातात. जाणे जमलेच नाही, तर दोन दिवसांनी सवडीने फोन करावा.

निरोगी आप्तेष्टांचेही काही कर्तव्य आहे. आपल्याकडे वैयावृत्त्याची गणना अंतरंग तपात केली आहे आणि ज्यांची सेवा करावी त्यांत ‘ग्लान’, म्हणजे रुग्ण साधू, आवर्जून सांगितला आहे. गृहस्थांनी त्यापासून इतका बोध तरी घ्यावा, की आजाऱ्याला भेटताच नवे तेल आणि नवा वैद्य सुचविण्याऐवजी “किती वेळ बसवेल?” असे विचारावे. ‘ते येणार नाहीतच’ असे परस्पर ठरवून आमंत्रण गाळू नये. नकार द्यायचाच तर तो त्यांना देऊ द्यावा.

आता दर बुधवारी दुपारी मी मित्राच्या दुकानात जातो. अर्धा तास झाला की घड्याळाकडे पाहून तोच म्हणतो, “ऊठ आता, नाहीतर वहिनी मला बोलतील.” बसायला आईंची तीच खुर्ची असते.