विज्ञान आणि आपले घर : धूर कोणाचा, हिशेब कोणाचा?



कार्ल्याच्या पायऱ्या उतरताना समोर इंद्रायणीचे खोरे दिसते. रेल्वे, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग याच खोऱ्यातून मुंबईकडे जातात. खालच्या वस्तीत चुलीचा धूर दिसला की कोणीतरी म्हणतोच, "हेच लोक हवा बिघडवतात." हे खरे आहे काय?

धूर आणि कार्बन डायऑक्साइड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धूर डोळ्यांना दिसतो. चुलीपुढे बसणाऱ्या माउलीच्या छातीला तो घातकच. पण पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन वायूला ना रंग, ना वास. तो मोजावाच लागतो.

मोजण्याची एक रीत वाण्याच्या खातेवहीसारखी आहे. शहरात किती इंधन जळले, किती वीज खर्च झाली याची बेरीज करायची. जळताना कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, म्हणून वायूचे वजन इंधनाहून जास्त भरते. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.६ किलो आणि १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो वायू निघतो. लाकडाचा कार्बन मात्र झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढले, तर तो पुन्हा झाडात जातो.

दुसरी रीत म्हणजे हवाच तपासणे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने सिंहगडावरील हवेचे नमुने घेऊन हा वायू मोजला आहे. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेले असल्याने त्यांत कार्बन-१४ उरलेला नसतो. ताज्या लाकडात असतो. त्यावरून वायू कुठल्या इंधनाचा हे ओळखता येते.

मुंबई महापालिकेने २०२२ साली हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील हिशेबानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होते. त्यात इतर तापवणारे वायूही धरले आहेत. यातला ७२ टक्के वाटा वीज आणि इमारतींतल्या इंधनाचा, २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा. म्हणजे सर्वांत मोठे खाते विजेचे! दिवा मुंबईत लागतो, कोळसा डहाणूला जळतो. लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीत १९१५ पासून मुंबईसाठी वीज होत आली आहे, पण आजच्या मुंबईला ती कितीशी पुरणार?

शहराची बेरीज करताना वातानुकूलित बंगला आणि एका दिव्याची खोली एकाच खात्यात पडतात. म्हणून एकूण आकड्यावर थांबू नये. कोणी किती जाळले हेही विचारावे.

या महिन्याचे वीजबिल मुलांपुढे ठेवा. किती युनिट जळले आणि सिलिंडर किती दिवस पुरला, हे त्यांना वहीत लिहायला सांगा. उद्या कोणी वस्तीकडे बोट दाखवले, तर रागावू नका. शांतपणे वही पुढे करा आणि म्हणा, "हा आमचा हिशेब. आता तुमचा दाखवा."