परसांतील मत्स्यतळें आणि त्याची शोभिवंत गाळणी

परसांत थोडी जागा मोकळी असली कीं तींत माशांचें लहानसें तळें करावें, ही हौस अलीकडे शेतकरी कुटुंबांतही दिसूं लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु अशा पुष्कळ तळ्यांचा शेवट एकाच रीतीनें होतो. प्रथम पाणी निवळ असतें, पुढें तें हिरवें होतें, मग दुर्गंधि सुटते, मासे मरतात, आणि अखेरीस घरचीच मंडळी त्यांत माती लोटून तें बुजवितात. ह्यांत दोष तळ्याचा नसून गाळणीचा असतो. गाळणी, जीस बाजारांत फिल्टर म्हणतात, ती एकतर नसतेच, किंवा असली तर गोठ्याच्या मागें, कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशा जागीं दडविलेली असते. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, गाळणी घरींच करावी, ती दर्शनी जागीं असावी, आणि पाहण्यास सुंदर असावी. येथें सौंदर्य ही चैन नव्हे. जें नित्य डोळ्यांसमोर असतें त्याचीच निगा होते.

विषय केवळ हौसेचा असता तर आम्ही तो येथें काढला नसता. सन १९११ मध्यें डॉ. बेंटले यांनीं मुंबईंतील हिवतापाविषयीं जो अहवाल दिला, त्यांत विहिरी व पाण्याच्या टाक्या यांत वाढणाऱ्या डासांकडे बोट दाखविलें होतें. त्यानंतर शहरांतील अनेक विहिरी झांकल्या अगर बुजविल्या गेल्या. ज्या पाण्याची निगा राहत नाहीं तें बुजविलें जातें, आणि बुजविणाऱ्यास दोषही देतां येत नाहीं. उलट, ज्या तळ्यांत मासे जिवंत व भुकेले आहेत तेथें डासांच्या अळ्या टिकत नाहींत. म्हणून तर मुंबईची महानगरपालिका साठ्याच्या पाण्यांत गप्पी मासे सोडीत आली आहे. एकच तळें गाळणीच्या बळावर शेजाऱ्यांस उपकारक होतें, आणि तिच्या अभावीं अपायकारक ठरतें.

उदाहरणादाखल मुंबई उपनगर जिल्ह्यांतील माहुल घेऊं. खाडीकाठचें हें जुनें कोळ्यांचें गांव. १९५४ व १९५५ या सालीं त्याच्या परिसरांत दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. दुसऱ्या अंगास कांदळवन व भरती-ओहोटीचा विस्तीर्ण चिखल असून तेथें हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. अशा गांवीं परसें लहान. खाडीचें पाणी खारें, म्हणून गोड्या पाण्याच्या माशांस निरुपयोगी. तळें भरावयाचें तें नळाच्या किंवा पागोळीच्या पाण्यानें. येथील हवेच्या दूषिततेविषयीं राष्ट्रीय हरित लवादास २०१५ सालीं निकाल द्यावा लागला, हें ध्यानीं घेऊन छपरावरील पहिल्या पावसाचें पाणी तळ्यांत न घेतां सोडून द्यावें. आणि नळाचें पाणी एक दिवस उघडें ठेवून, त्यांतील क्लोरीन उडून गेल्यावर मग घालावें. सारांश, पाणी मोजकें आहे, आणि तेंच पुनःपुन्हा शुद्ध करून वापरणें भाग आहे. जी गाळणी माहुलास चालेल ती इतरत्र सहज चालेल.

गाळणी म्हणजे केवळ चाळणी, अशी पुष्कळांची समजूत आहे. कचरा अडविणें हें तिचें अर्धेंच काम होय. माशांच्या शरीरांतून अमोनिया बाहेर पडतो व तो त्यांस विषारी आहे. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करितात, आणि नायट्रेट वनस्पति शोषून घेतात. हे जंतु रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनीं १८९० च्या सुमारास निराळे काढून दाखविले. आपल्या शेतांतील शेणखताचें नत्र पिकाच्या उपयोगी पडतें तें ह्याच जातींच्या जंतूंच्या श्रमानें. तेव्हां शेतकऱ्यास हे कोणी परके नव्हेत.

जिवंत गाळणीचें सामर्थ्य किती, हें १८९२ च्या पटकीच्या सांथींत जर्मनींतील हांबुर्ग शहरास कळून आलें. हांबुर्ग व त्यास लागून असलेलें आल्टोना हीं दोन्ही शहरें एल्ब नदीचेंच पाणी पीत. आल्टोना तें वाळूच्या संथ गाळणींतून घेत असे, हांबुर्ग न गाळतां घेई. हांबुर्गांत हजारों माणसें दगावलीं, आल्टोना बहुतांशीं बचावलें. वाळूच्या पृष्ठावरील जिवंत थर हाच तेथें मुख्य रक्षक होता. अर्थात् आपली मत्स्यतळ्याची गाळणी माशांपुरती आहे. तिचें पाणी माणसानें पिऊं नये.

आतां रचना सांगतों. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व अडीच फूट खोल तळ्यांत सुमारे ४,२०० लिटर पाणी मावतें. गाळणीचें पोट ह्याच्या एकदशांशाहून फारसें कमी नसावें. म्हणजे २०० लिटरांचीं दोन प्लॅस्टिकचीं पिंपें पुरतात. पिंपें खाद्यपदार्थांचींच घ्यावीं. तेलाचें अगर रसायनाचें पिंप कितीही धुतलें तरी वापरूं नये. कारखान्यांच्या शेजारीं तीं स्वस्त मिळतात, म्हणून ही सूचना मुद्दाम केली आहे. तळ्याच्या खोल भागांत पंप ठेवून ताशीं सुमारें २,००० लिटर पाणी वर चढवावें, म्हणजे सर्व पाणी दोन तासांत एकदां फिरतें. विजेच्या जोडणीस गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ अवश्य बसवावी.

पहिल्या पिंपांत पाणी मध्यावर व कडेनें तिरकें सोडावें. तें गोल फिरतें, जड मळ तळाशीं बसतो, आणि तळाच्या तोटीनें तो काढून टाकतां येतो. हें पिंप दुसऱ्याहून किंचित् उंच ठेवावें. त्याच्या वरच्या अंगानें निघालेलें पाणी दुसऱ्या पिंपाच्या तळाशीं न्यावें व तेथून वर चढूं द्यावें. दुसऱ्यांत खालीं भोंकांची जाळी, तिच्यावर पक्क्या विटांचे तुकडे, मग खडी, आणि सर्वांत वर नायलॉनच्या जुन्या, स्वच्छ धुतलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचीं सैल बोचकीं भरावीं. जाळ्यास पृष्ठभाग पुष्कळ व भार थोडा, म्हणून जंतूंच्या वस्तीस तें उत्तम. कोळीवाड्यांत टाकाऊ जाळीं हवीं तेवढीं असतात. पाणी बाहेर नेणारा नळ आणणाऱ्या नळाच्या दुप्पट रुंद असावा, नाहीं तर पिंप उतूं जाईल.

आतां शोभेचें. त्यासाठीं परदेशी कारंज्यांचीं चित्रें पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या विहिरीवर मोटेचें पाणी ज्या दगडी थारोळ्यांत पडे आणि तेथून पाटानें मळ्यांत जाई, तोच आकार येथें घ्यावा. दोन्ही पिंपांभोंवतीं जांभ्या दगडाची भिंत घालावी. एक बाजू फळ्यांची, सहज उघडेल अशी ठेवावी. भिंतीलगत चार फूट लांब व फूटभर खोल थारोळें बांधून त्यांत खडी भरावी व तींत कर्दळ, वेखंड आणि अळू लावावें. दुसऱ्या पिंपाचें पाणी ह्या मुळांमधून जाऊन दगडी पन्हळीनें तळ्यांत पडेल. त्या पडण्यानें प्राणवायु मिसळतो, मुळें नायट्रेट ओढून घेतात, आणि घरच्या माणसांस कर्दळीचीं फुलें दिसतात व पाण्याचा आवाज ऐकूं येतो. त्यांतच निगेची सोय आहे. आवाज मंदावला कीं पंपांत कचरा अडकला; पानें पिवळीं पडलीं कीं कांहीं बिघडलें. लपविलेली गाळणी अशी सूचना देत नाहीं. ती मासे मेल्यावर आठवते.

गाळणी सुरू करतांच तळें माशांनीं भरूं नये. जंतूंची वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर मोजके मासे व थोडें खाद्य. खडी व जाळीं धुवावयाचीं तीं तळ्याच्याच पाण्यानें, आणि सर्व एकदम नव्हे. नळाच्या क्लोरीननें जंतु मरतात. पंप रात्रंदिवस चालावा. वीज कांहीं तास गेली तर दुसऱ्या पिंपांतील कोंडलेलें पाणी काढून टाकून मगच तो सुरू करावा. शेवटीं, सांडव्याचा नळ जाळी लावून ठेवावा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें उपनगरांतील माणसानें विसरूं नये. आणि गप्पी हा परदेशी मासा असल्यानें तो ओढ्या-खाडींत जाऊं देऊं नये.

कोणी म्हणतील, तयार यंत्र विकत मिळत असतां ही खटपट कशास? ज्यास परवडतें त्यानें खुशाल घ्यावें. परंतु लहान पेटीचें पोट लहान. ती लवकर तुंबते, आणि तिचा भाग बिघडला कीं दुकानाची वाट पाहावी लागते. जी वस्तु आपल्या हातांनीं रचली ती आपल्या हातांनीं दुरुस्तही होते. शिवाय दर आठवड्यास काढावयाचें सुमारें ४०० लिटर पाणी व पिंपाचा गाळ हें वांगीं, मिरची व केळी यांस उत्तम खत आहे. तळ्याचा खर्च भाजीच्या वाफ्यांतून थोडाबहुत परत येतो, हा हिशेब शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको.

गांवांच्या जागा आक्रसत आहेत आणि उघडें पाणी दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. उरलेल्या परसांत कोणी चार हात पाणी राखूं इच्छीत असेल तर त्यास आमचें सांगणें एवढेंच कीं, आधीं गाळणीची जागा ठरवावी, ती अंगणासमोर ठरवावी, आणि मग तळ्यास कुदळ लावावी.